मंद लॅपटॉप आणि त्याची स्मृती

घरातला लॅपटॉप पाच-सहा वर्षांचा झाला की त्याच्याविषयी एकच तक्रार ऐकू येते : फार हळू चालतो. बटण दाबून चहा करून आणला तरी पडद्यावरचे ते गोल चक्र फिरतच असते. मग सल्ले सुरू होतात. दुकानदार म्हणतो, "रॅम वाढवून घ्या." शेजारचा दादा म्हणतो, "आता नवीनच घ्या." पहिल्या सल्ल्याला काही हजार रुपये पडतात, दुसऱ्याला त्याच्या कितीतरी पट. आणि पहिला सल्ला चुकीचा ठरला तर ते पैसे गेल्यावर दुसरा सल्ला शिल्लक राहतोच!

गंमत अशी, की हे दोन्ही सल्ले बहुधा काहीच न मोजता दिलेले असतात. ताप आहे की नाही हे थर्मामीटर लावल्याशिवाय ठरवू नये, हे आपल्याला घरी शिकवलेले असते. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो. वास्तविक स्मृती वाढवल्याने तुमचा लॅपटॉप सुधारेल की नाही, हे एक पैसाही खर्च न करता अर्ध्या तासात कळू शकते. त्यासाठी ही स्मृती म्हणजे काय, आणि ती अपुरी पडली की संगणक काय करतो, हे आधी समजले पाहिजे.

आपल्या मालवणी घरातले स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. काकी बांगड्याचे तिखले करीत आहे. ओट्यावर नारळाचे वाटप, तिरफळे, सोले, मिरची पूड असे सारे हाताशी मांडलेले आहे. जे हवे ते हात लांब केला की मिळते. जे ओट्यावर नाही ते आणायला मात्र उठून जावे लागते. लॅपटॉपमधला प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, हा स्वयंपाक करणारा. रॅम म्हणजे ओटा. आणि आपले फोटो, धडे, गाणी, सगळे कार्यक्रम ज्या डिस्कवर कायमचे साठवलेले असतात ती म्हणजे कोठीची खोली. प्रक्रियक कोठीत जाऊन तिथेच शिजवू शकत नाही. प्रत्येक जिन्नस आधी ओट्यावर यावा लागतो. तुम्ही एखादा कार्यक्रम उघडता तेव्हा जो वेळ लागतो तो बराचसा या आणण्याचाच असतो.

पण ही कोठी किती लांब आहे? इथे उपमा सोडून आकडे पाहू, कारण सारी मेख आकड्यांत आहे. रॅममधली माहिती मिळायला ढोबळ मानाने १०० नॅनोसेकंद लागतात. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती चकती असलेली हार्ड डिस्क असते. तिच्यावरची सुई योग्य वर्तुळावर सरकायची, मग चकती फिरत फिरत हवा तो भाग सुईखाली यायचा, याला सुमारे १० मिलिसेकंद जातात. अलीकडच्या, काहीही न फिरणाऱ्या एसएसडी डिस्कला सुमारे १०० मायक्रोसेकंद पुरतात.

हे आकडे इतके लहान आहेत की मनाला त्यांचा काही अर्थच लागत नाही. म्हणून सगळे १ कोटी पटींनी ताणू. मग रॅममधली वस्तू घ्यायला लागेल १ सेकंद. ओट्यावरून नारळाची वाटी उचलण्याइतका वेळ. एसएसडीवरून आणायला १,००० सेकंद, म्हणजे साधारण १७ मिनिटे. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येण्याइतका. आणि फिरत्या डिस्कवरून? १ लाख सेकंद. म्हणजे २७ तास ४७ मिनिटे! एवढ्या वेळात मालवणहून रात्रीची गाडी पकडून मुंबईला जावे, तिथे नारळ विकत घ्यावा आणि परत यावे. मालवणच्या माणसाने नारळासाठी मुंबईला जायचे, यापरता वेडेपणा कोणता? पण स्मृती अपुरी पडलेला लॅपटॉप दिवसभर हेच करीत असतो.

ते कसे, ते पाहा. ओटा भरला आणि आणखी एक भांडे ठेवायचे आहे, तर आपण काय करतो? सध्या न लागणारे एखादे भांडे उचलून कोठीत ठेवतो. संगणकही तेच करतो. उघडलेल्या कार्यक्रमांपैकी जो काही वेळ वापरला नाही त्याची माहिती रॅममधून काढून डिस्कवर लिहून ठेवतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी नवी माहिती आणतो. तुम्ही पुन्हा पहिल्या कार्यक्रमाकडे वळलात की उलट खटाटोप. याला आभासी स्मृती म्हणतात. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलस या संगणकात ही युक्ती प्रथम वापरली गेली. युक्ती फार हुशारीची आहे. तिच्यामुळे स्मृती कमी असली तरी संगणक काम नाकारत नाही, फक्त हळू करतो. एरवी "जागा नाही" असे सांगून तो थांबलाच असता.

मात्र या युक्तीची किंमत किती, याचे गणित वहीवर मांडून बघण्यासारखे आहे. समजा, प्रक्रियकाने १ लाख वेळा स्मृतीतून काहीतरी मागितले आणि त्यांपैकी ९९,९९९ वेळा ते रॅममध्येच सापडले. फक्त एकदा फिरत्या डिस्ककडे जावे लागले. रॅमचा एकूण वेळ झाला सुमारे १० मिलिसेकंद. आणि त्या एका फेरीचा वेळही १० मिलिसेकंद! म्हणजे लाखात एकदा चूक झाली तरी काम दुपटीने लांबले. आता हजारात एकदा डिस्ककडे जावे लागत असेल तर? १ लाखात १०० फेऱ्या, म्हणजे १,००० मिलिसेकंद. काम १०० पटींनी मंदावले. परीक्षेत हजारांपैकी ९९९ गुण मिळवणारा विद्यार्थी पहिला येतो. इथे मात्र ९९९ बरोबर उत्तरांनंतरही लॅपटॉप निकामी झाल्यासारखा वाटतो.

म्हणूनच लॅपटॉप हळूहळू मंद होत नाही, तो एकदम कोसळतो. सहा खिडक्या उघड्या असताना सारे ठीक असते आणि सातवी उघडताच बाण हलेनासा होतो. तुमचे काम ओट्यावर मावत होते तोवर डिस्ककडे जाण्याची वेळ लाखात एखादी; ते थोडेसे बाहेर गेले की हजारात एक, शंभरात एक. शेवटी शेवटी तर प्रक्रियक स्वयंपाक सोडून नुसती ने-आण करीत बसतो. संगणकशास्त्रात या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात.

हेच गणित एसएसडी धरून करून पाहा. हजारात एक फेरी असली तरी काम फक्त दुपटीने लांबते. तेव्हा जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवणे हा रॅम वाढवण्याइतकाच, आणि माझ्या मते पुष्कळदा अधिक चांगला उपाय असतो. कारण संगणक सुरू होताना, कार्यक्रम उघडताना सगळे डिस्कवरूनच आणावे लागते. तिथे नुसता ओटा मोठा करून भागत नाही.

आता साहजिकच तुम्ही विचाराल, की मग सुरुवातीपासून भरपूर रॅम का देत नाहीत? आणि वीज गेली की रॅममधले सारे पुसले का जाते? याचे उत्तर तिच्या रचनेत आहे.

रॅममधल्या एका घरात एक अंक राहतो, ० किंवा १. हे घर म्हणजे एक अतिसूक्ष्म विद्युत् धारित्र आणि त्याच्या दारावर पहारेकऱ्यासारखा एक ट्रान्झिस्टर. धारित्रात भार आहे, म्हणजे १. भार नाही, म्हणजे ०. आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांची ही कल्पना; तिचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. भार किती असतो? अशा धारित्राची धारिता १० फेम्टोफॅरड आणि विभवांतर १ व्होल्ट मानू. धारिता गुणिले विभवांतर म्हणजे भार, हे तुम्ही अकरावी-बारावीत शिकाल. त्याला इलेक्ट्रॉनच्या भाराने भागले की उत्तर येते सुमारे ६२ हजार इलेक्ट्रॉन. बस, एवढ्याच मूठभर इलेक्ट्रॉनांवर तुमच्या निबंधातला एकेक अंक तोललेला असतो! आणि हा मडक्याला बारीक चीर असावी तसा सारखा गळत असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर एकदा वाचून त्यातला भार पुन्हा पुरता भरावा लागतो. ८ गीगाबाइट रॅममध्ये अशी सुमारे ६,८७१ कोटी घरे असतात, आणि तुम्ही पडद्याकडे नुसते बघत बसलात तरी ही भरणी सेकंदाला पंधरा वेळा चालूच असते. वीज तोडली की भरणी थांबते आणि क्षणभरात सारे ओघळून जाते. स्मृती तापली की गळती आणखी वाढते, हेही लक्षात ठेवा.

पूर्वीची स्मृती अशी विसरभोळी नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफरॅक नावाचा संगणक बांधला गेला. तो १९६० साली कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला हे नाव दिले. त्याची स्मृती फेराइटच्या इवल्याशा कड्यांची होती. कडे एका दिशेने चुंबकित केले तर ०, उलट दिशेने केले तर १. चुंबकत्व वीज गेल्याने जात नाही, त्यामुळे माहिती तशीच राही. मात्र या स्मृतीत ४० अंकांचे एक, असे फक्त २,०४८ शब्द मावत. गुणाकार करा : ८१,९२० अंक, म्हणजे १०,२४० बाइट. देवनागरीचे एकेक चिन्ह आजच्या संगणकात बहुधा ३ बाइट जागा घेते. 'मालवण' या एका शब्दाला १५ बाइट लागतात. म्हणजे तुम्ही वाचत असलेला हा लेखसुद्धा टिफरॅकच्या संपूर्ण स्मृतीत मावला नसता. आजचा ८ गीगाबाइटचा लॅपटॉप म्हणजे सुमारे ८ लाख ३९ हजार टिफरॅक झाले! आणि तरीही आपल्याला तो पुरत नाही. कारण ओटा मोठा मिळाला की पसाराही मोठा होतो. आजच्या ब्राउझरची एकेक खिडकी शेकडो मेगाबाइट जागा सहज अडवून बसते.

बरे, आता थर्मामीटर लावू. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात प्रक्रियक, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख धावताना दिसतात. वहीत चार रकाने आखा : उघड्या खिडक्यांची संख्या, मेमरी किती टक्के, डिस्क किती टक्के, आणि एका खिडकीतून दुसरीत जायला लागलेले सेकंद. लॅपटॉप नुकताच चालू करून शांत झाला की पहिली नोंद घ्या. मग रोज वापरता ते कार्यक्रम एकामागून एक उघडत जा आणि दर वेळी नोंद करा. शेवटी आलेख कागदावर काढलात तर तो कोसळण्याचा बिंदू स्पष्ट दिसेल.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर गेली, आणि खिडकी बदलताच डिस्कचा आलेख उसळून १०० टक्क्यांना चिकटून राहू लागला, तर ओटाच अपुरा आहे. रॅम वाढवल्याने फरक पडेल, आणि चांगला पडेल. मेमरी निम्मी रिकामी असताना डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर दोष डिस्कचा; तिथे रॅमवर घातलेले पैसे पाण्यात. आणि दोन्ही शांत असून प्रक्रियकच सतत भरलेला असेल तर कोणता कार्यक्रम त्याला खातो आहे ते यादीत पाहा. पंख्यात धूळ साचून लॅपटॉप तापतो आहे का, तेही तपासा. कारण फार तापल्यावर प्रक्रियक स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग मुद्दाम कमी करतो. एक इशारा : नुसती 'मेमरी भरलेली' दिसली म्हणून घाबरू नका. संगणक मोकळी जागा वाया न घालवता नुकत्याच वापरलेल्या वस्तू तिथेच राहू देतो, आणि गरज पडताच ती जागा सोडतो. मेमरी आणि डिस्क यांची जोडी पाहायची, एकटी मेमरी नव्हे.

निदान रॅमचेच निघाले, तरी खरेदीआधी काही गोष्टी तपासायच्या आहेत. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किंमती एकाएकी खूप चढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणक-केंद्रांकडे स्मृतीच्या चिपांचा ओघ वळला. तेव्हा चुकीची पट्टी आणणे परवडणारे नाही. टास्क मॅनेजरच्या मेमरी भागातच खाली किती खाचा आहेत आणि किती भरल्या आहेत ते लिहिलेले असते. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीवर डाख देऊन कायमची जोडलेली असते. तिथे हा उपायच नाही. पट्टी बदलता येत असेल तर तिची पिढी जुळली पाहिजे. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ संपर्कबिंदू असतात, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२. त्यांचे विभवांतरही निराळे; डीडीआर३ चे १.५ किंवा १.३५ व्होल्ट, डीडीआर४ चे १.२ आणि डीडीआर५ चे १.१. चुकून एकीच्या जागी दुसरी बसू नये म्हणून कडेची खाच प्रत्येकीत वेगळ्या ठिकाणी कापलेली असते. पट्टी बसत नसेल तर जोर करू नका. ती खाच तुम्हाला "नाही" म्हणते आहे.

फार जुन्या लॅपटॉपवर ३२ अंकी विंडोज असेल तर आणखी एक अडचण. स्मृतीतल्या प्रत्येक घराला पत्ता लागतो. ३२ द्विमान अंकांत २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते लिहिता येतात. हे झाले ४ गीगाबाइट. तुम्ही ८ बसवलेत तरी उरलेल्या घरांना पत्ताच नाही. पोस्टमन जाणार कुठे? तसेच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला, म्हणून अनेक जण विंडोज ११ कडे वळू पाहतात. पण कित्येक जुने प्रक्रियक तिला चालत नाहीत, आणि रॅम वाढवून तो अडथळा दूर होत नाही. अशा लॅपटॉपवर लिनक्स बसवणे हा मला अधिक शहाणपणाचा मार्ग वाटतो.

राहिले प्रत्यक्ष बसवणे. हे काम मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करा. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा, मागचे झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची जोडणी सोडवा. मग धातूच्या एखाद्या जमिनीशी जोडलेल्या वस्तूला हात लावा. कारण आपल्या अंगावर स्थिर विद्युत् साठते. सुमारे ३,००० व्होल्टपर्यंतची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला ती त्याहून कितीतरी कमी विभवांतरालाही मारक ठरू शकते. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट असल्याने हा भार आपोआप झिरपून जातो; वातानुकूलित कोरड्या खोलीत मात्र तो टिकतो.

दमटपणाचा हा फायदा असला तरी किनाऱ्यावर त्याची दुसरी बाजू फार त्रासदायक आहे. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ना? मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड हवेतले पाणी ओढून घेतो. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यातून तेच क्षार सूक्ष्म कणांच्या रूपाने लॅपटॉपच्या आतही पोचतात. पट्टीच्या संपर्कबिंदूंवर सोन्याचा मुलामा असतो आणि सोने गंजत नाही हे खरे. पण तो थर इतका पातळ असतो की त्यातल्या बारीक छिद्रांतून खारे पाणी खालच्या निकेल-तांब्यापर्यंत जाते. म्हणून किनाऱ्यावर कधी कधी लॅपटॉप चालूच होत नाही, आणि जुनीच पट्टी काढून पुसून पुन्हा बसवली की सुरू होतो. पुसताना खोडरबर घासण्याची पद्धत सर्रास दिसते. मला ती पसंत नाही, कारण प्रत्येक घासण्याबरोबर थोडे सोनेही जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ कापूस हलक्या हाताने फिरवून पूर्ण वाळू द्यावे, हे उत्तम.

नवी पट्टी कडा धरून, संपर्कबिंदूंना बोट न लावता, सुमारे ३० अंशांच्या कोनात खाचेत सरकवा आणि मग खाली दाबा. दोन्ही बाजूंचे चिमटे 'टक्' असा आवाज करून बसले पाहिजेत. बॅटरी जोडून लॅपटॉप चालू केल्यावर पहिल्या वेळी पडदा नेहमीपेक्षा जास्त वेळ काळा राहू शकतो, विशेषतः डीडीआर५ असेल तर काही मिनिटेसुद्धा. नव्या पट्टीशी कोणत्या वेगाने बोलायचे, याची चाचपणी त्या वेळात चाललेली असते. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका. चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा एकूण आकडा वाढला आहे ना ते पाहा. मग तीच वही घेऊन तोच प्रयोग पुन्हा करा आणि नवा आलेख जुन्याच कागदावर वेगळ्या रंगाच्या शाईने काढा.